डोहावरची वाफ

२४ नोव्हेंबर २०२४

कारखाना सुरू झाला आणि डोहावर पुन्हा वाफ आली. सकाळी घाटावर गेले तर समोरचा काठ दिसेना. परगावचा कुणी असता तर म्हणाला असता, काय सुंदर धुकं पडलंय! हे धुकं नाही. बेलघाटच्या साखर कारखान्याला स्वतःचा वीज प्रकल्प आहे. उसाचा चोथा जाळून टर्बाइन फिरवतात. टर्बाइनमधून सुटलेली वाफ गार करायला कृष्णेचं पाणी उचलतात, आणि ते तापलेलं पाणी परत नदीत सोडतात, नेमकं आमच्या डोहाच्या तोंडाशी. या विजेला सगळे स्वच्छ वीज म्हणतात. धूर कमी असेल, मान्य. नदीला विचारलं का कुणी?

वडील मला पौषात इथे आणत. पाणी इतकं निवळ असायचं की तळाचे खडक दिसत. त्या खडकांमधून खडस मासा फिरे, हातभर लांब, तांबूस खवल्यांचा. वडील म्हणत, "बोलू नकोस, नुसतं बघ." आयुष्यात ज्याने मला गप्प बसायला सांगितलं आणि मी ऐकलं, असा हा एकच माणूस.

शेवटचा खडस कधी पाहिला ते आठवत नाही. पाहिला तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत असतं, तर जरा जास्त वेळ थांबले असते.

नदी समितीची बैठक बोलवायची.

२ डिसेंबर

निवेदन घेऊन वीज प्रकल्पाच्या मुख्य इंजिनिअरकडे गेले. हरी माने नाव. म्हसवडचा आहे. माणदेशातला, म्हणजे पाण्याचं मोल कळायला हवं होतं.

"बाई, एवढी मोठी नदी," म्हणाला. "आमचं पाणी म्हणजे तिच्या अंगावर एक तांब्या."

"तांब्या उकळता असला तर अंग भाजतं, माने."

तो चक्क हसला. "हे वाक्य सभेसाठी राखून ठेवा. इथं मी एकटाच आहे, वाया जातंय."

निर्लज्ज माणूस. वर थर्मासमधून चहा ओतून दिला, बिनसाखरेचा. साखर कारखान्यात बिनसाखरेचा चहा? विचारलं तर म्हणे, "दिवसभर नाकानं खातोच आहे. जिभेला तेवढी सुट्टी."

निवेदनाची पोच दिली. बाकी काही नाही.

८ डिसेंबर

कुंडलला माझं व्याख्यान. विषय शिक्षणाचा होता, मी शेवटी नदीवर आलेच. जगातल्या किती नद्या माणसांनी मारल्या आणि किती पुन्हा जिवंत केल्या, ते सांगितलं. सभागृह भरलेलं होतं, टाळ्याही झाल्या.

शेवटच्या रांगेत माने बसलेला, गळ्यात मफलर. चेअरमनने हेर पाठवला म्हणायचा. पण वहीबिही नव्हती त्याच्याजवळ. टाळ्या वाजवत नव्हता. जिथे दुसरं कुणी हसलं नाही तिथे मात्र हसला, दोनदा. आणि त्या जागा खरोखर हसण्याच्या होत्या. इतकी वर्षं ती वाक्यं बोलतेय, कुणाला कळली नव्हती.

रविवारची सुट्टी घालवून हेरगिरी करतात हे नवीनच.

१५ डिसेंबर

आज घाटावर बनुबाईने माझी पंचाईत केली. ती चार घरचं धुणं धुते. तिच्यासोबतच्या सगळ्या बाया त्या गरम पाण्याच्या पाइपापाशीच बसतात. म्हातारी माणसं तिथेच आंघोळ करतात.

"आवं बाई, तुमी लय शिकलेल्या. पर थंडीत ह्यो कारखाना म्हंजी आमचा बंब हाय. त्यो कशापायी बंद करताय?"

"बनुबाई, त्या पाण्याने मासे मरतात."

"मरत्यात? ह्ये काय मग?" तिने बोट दाखवलं. पाइपाच्या तोंडाशी माशांची दाटी होती. चिलापी, मरळीची पिल्लं, आणखी कायकाय. "तीबी ऊब घ्यायला येत्यात. आमच्यावानी."

मी तिला पाण्यातल्या प्राणवायूबद्दल सांगितलं, अंडी घालण्याच्या ऋतूबद्दल सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरुबर हाय. पर मानं सायेब तुमच्या भाषनाला येत्यात म्हनं लांब लांब. त्येंनाबी मासं आवडत्यात का?"

बाया हसल्या. मला त्यात विनोद दिसला नाही.

२१ डिसेंबर

माने स्वतः घाटावर आला, तापमापक घेऊन. मीच आव्हान दिलं होतं, की केबिनमधून नदी मोजू नका.

आधी पाण्यात बोट बुडवलं आणि डोळे मिटून म्हणाला, "छत्तीस." तापमापक पस्तीसवर थांबला. मग आम्ही पाइपाच्या वर, वाहत्या नदीत मोजलं. तिथे त्याचं बोट "बावीस" म्हणालं आणि तापमापक एकवीस. एकेका अंशाने दोन्हीकडे हरला, पण हसला नाही.

"एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं, बाई. आम्ही आतलं पाणी मोजतो. बाहेर येऊन कोण बघतं?"

मग डोहात मासे धरणाऱ्या नाथाजी भोयाने आम्हाला पाणी उचलण्याच्या जागी नेलं. पंपाच्या जाळीवर बोटभर पिल्लं चिकटून मेलेली. नाथाजी म्हणाला, "ओढच येवडी हाय सायेब, बारक्या जीवाला उलटं पोवता येत न्हाई."

परतताना माने बोलत होते. कारखान्याच्या मागे एक जुनं फवाऱ्यांचं तळं आहे, वीज प्रकल्प आल्यापासून बंद पडलेलं. तापलेलं पाणी त्यात फवारून गार करायचं आणि पुन्हा तेच वापरायचं. नदीतून घ्यायचं थोडं, नदीत सोडायचं काहीच नाही. चेअरमन म्हणतील, दारात नदी असताना कशाला? "पण हा हंगाम मला द्या. मार्चअखेर मी निवृत्त. तेवढं करून जाईन."

आणि शेवटी: "एक ऐका. पाणी एकदम तोडायची मागणी करू नका. थंडी आहे. मासे त्या उबेला बसलेत. हळूहळू उतरवू."

हळूहळू! हा शब्द ऐकत माझे केस पांढरे झाले. रस्ता हळूहळू, शाळा हळूहळू, न्याय हळूहळू. या शब्दाआड किती माणसं लपलेली पाहिली आहेत मी. माने प्रामाणिक असतील, शब्द प्रामाणिक नाही.

१२ जानेवारी २०२५

जिंकलो!

कारखान्याच्या गेटवर हजार माणूस. समितीचे अध्यक्ष नानासो आधी बोलले, मग मी. काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण आवाज असा लागला होता की मलाच माझ्या अंगावर काटा आला. "आम्हाला मार्च नको, उद्या नको. आज! आत्ता!" सगळं मैदान तेच म्हणायला लागलं. दिवस मावळायच्या आत चेअरमननी माघार घेतली. वीज विकायचं मोठं टर्बाइन थांबलं. पाइप कोरडा झाला.

माने गेटच्या आत उभे होते. हात वर करून मला काहीतरी सांगत होते, पुन्हा पुन्हा. कर्ण्यांच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही. आपल्या टर्बाइनसाठी विनवण्या करत असतील. तेवढ्यापुरतं वाईट वाटलं.

आज कडाक्याचा गारठा आहे. पहाटे डोह बघायला जाणार. वाफ नसलेला.

१३ जानेवारी

वाफ नव्हती. समोरचा काठ स्पष्ट दिसत होता.

पाण्यावर पांढरी पोटं. पाइपाच्या तोंडापासून डोहाच्या वळणापर्यंत. नाथाजी गुडघाभर पाण्यात उभा होता. मी विचारलं, काय सोडलं रे कारखान्याने? तो म्हणाला, "काय न्हाई सोडलं, बाई. गारठ्यानं मेली. उबंतली पोरं रातीत उघड्यावर टाकावी तशी."

त्याने एक मासा माझ्या तळहातावर ठेवला. पंजाएवढा. खवले तांबूस.

म्हणजे होते. डोहात खडस होते. पिल्लं होत होती. मला माहीत नव्हतं.

१५ जानेवारी

बाहेर गेले नाही. चेअरमननी लगेच निम्म्या पाण्यावर टर्बाइन पुन्हा लावलं आहे, म्हणतात, मासे तसेही मेलेच.

सकाळी नानासो आले. "बाई, परवा मोर्चा ठेवलाय. कारखान्यानं विष सोडलं म्हणायचं. पब्लिक लय पेटलंय. तुमी नुसतं उभं ऱ्हावा, काम झालं."

"विष सोडलेलं नाही, नानासो."

"आवं, ते तुमाला ठावं, मला ठावं. मेलेलं मासं काय साक्ष द्यायला येणार हायत व्हय?"

मी विचार करते म्हणाले. मी! विचार करते म्हणाले!

माने आले नाहीत. यायला हवे होते. "मी सांगितलं होतं" एवढंच म्हणायला तरी. आले असते तर भांडता आलं असतं. बाहेर फटफटी थांबली की खिडकीपाशी जाऊन बघत होते. दूधवाला होता, मग पोस्टमन.

१७ जानेवारी

मोर्चा झाला. बोलले. जन्मातलं सर्वांत छोटं भाषण.

म्हणाले, विष कुणी सोडलं नाही. इतकी वर्षं नदी तापवली तो कारखान्याचा अपराध आहे आणि मी तो विसरू देणार नाही. पण त्या रात्री पाणी एका झटक्यात गार झालं ते माझ्या हट्टापायी. मला सावध केलेलं होतं. मी ऐकलं नाही. आता मागणी एवढीच: फवाऱ्यांचं तळं चालू करा, पंपाला बारीक जाळी लावा, ओढ कमी करा, आणि नदीत पडणारं पाणी रोज थोडं थोडं उतरवत बंद करा. हळूहळू.

तो शब्द माझ्याच तोंडून कर्ण्यातून गेटपर्यंत गेला. एक टाळी वाजली नाही. नानासो खुर्चीवरून उठून निघून गेले. समितीतली निम्मी माणसं त्यांच्या मागोमाग गेली.

मैदान रिकामं झाल्यावर भिंतीपाशी उभी होते. माने आले, थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि हातात दिला.

चहात साखर होती. चुकून घातली असावी.

४ फेब्रुवारी

टर्बाइन निम्म्यावर चाललं तर विकायला वीज उरत नाही, हे चेअरमनना माझ्या भाषणांपेक्षा लवकर समजलं. तळ्याला परवानगी मिळाली. गाळ निघाला, नळ्या बसल्या, अर्धे फवारे सुरू झाले.

माने रोज सकाळी घाटावर येतात. आधी बोट, मग तापमापक. मीही बोट बुडवते. कालपासून मी जास्त अचूक सांगते आहे. म्हणाले, "बाई, तुमची नोकरी चुकली. कर्ण्याऐवजी बॉयलर सांभाळला असता."

"मी सांभाळला असता तर केव्हाच फुटला असता."

"ते खरं. गेटवर बघितलं ना मी."

त्या सभेवर कुणी विनोद करेल आणि मी हसेन, हे महिन्यापूर्वी खरं वाटलं नसतं.

११ फेब्रुवारी

बारीक जाळीत जलपर्णी अडकली, पंप तापला, प्रकल्प अर्धा दिवस बंद. चेअरमननी मान्यांना सगळ्यांसमोर झापलं. संध्याकाळी ते पायऱ्यांवर चप्पल काढून बसले होते. म्हणाले, "जाळी बारीक केली, पंपाचं तोंड रुंद करायला विसरलो. शाळेतला मुलगा करणार नाही अशी चूक." मी त्यांचं सांत्वन करायला हवं होतं. मला भाषण करता येतं, सांत्वन येत नाही. म्हणून नुसती शेजारी बसले. नदी गार वाहत होती. अंधार पडायला लागल्यावर उठलो.

आता तोंड रुंद करून जाळी तिरपी बसवणार आहेत. म्हणजे ओढ मंदावेल आणि पिल्लांना उलटं पोहता येईल.

५ मार्च

पाइपातून आज एक थेंबही पडला नाही. पस्तीसवरून रोज जरा जरा उतरत नदीएवढंच गार झालं, मग धार बारीक झाली, मग थांबली. एकही मासा मेला नाही. नाथाजीने डोहाला फेरी मारून सांगितलं.

वाफ आता कारखान्यामागे तळ्यावर दिसते. माझ्या घराच्या गच्चीवरूनही.

बनुबाई भांडायला येणार म्हणून मी तयारीत होते. पण मान्यांनी आधीच तळ्याकडून एक नळी घाटावर आणून हौद बांधून घेतलाय. गरम पाणी हौदात, धुण्याचं पाणी उसाच्या शेतात. बनुबाईने हौदात हात घातला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मानूस चांगला हाय. बायकू न्हाई म्हनं. वारली."

"मला ते कशाला सांगतेस?"

"कुनाला सांगू मग? माशास्नी?"

२२ मार्च

पट्टा पडला. हंगाम संपला. मान्यांचा निरोप समारंभ. गावातर्फे मी बोलावं असं ठरलं. अर्धा तास बोलले, तळ्याबद्दल, फवाऱ्यांबद्दल, पाण्याच्या हिशेबाबद्दल. एकही चूक झाली नाही. भाषण वाईट झालं.

नंतर घाटावर गेलो. थर्मास त्यांनी पायरीवर ठेवला. "हा राहू दे तुमच्याकडे. म्हसवडला चहा घरीच पिणार."

"बरं."

"सिद्धनाथाच्या यात्रेला या. रथ बघण्यासारखा असतो. आमची माणगंगा बहुतेक कोरडी असते, म्हणजे तुम्हाला भांडायला काही मिळणार नाही."

"मी देव मानत नाही, यात्रा-जत्रांना जात नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," म्हणाले. बोट पाण्यात बुडवलं, पण आकडा सांगितला नाही. मग गेले.

तत्त्व ते तत्त्व. मी बरोबरच बोलले.

३० जुलै

पाऊस. नदी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत. थर्मास पुन्हा धुतला. चहाचा वास जात नाही. फेकून द्यावा तर चांगला आहे.

१४ सप्टेंबर

कराडला व्याख्यान. आवाज छान लागला, टाळ्या झाल्या. जिथे हसायला हवं तिथे कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेत एक मफलरवाला बसला होता. सप्टेंबरात मफलर! पण तो कुणी वकील निघाला, घसा दुखत होता म्हणाला.

मध्येच एक वाक्य विसरले. असं कधी झालं नव्हतं.

६ नोव्हेंबर

कारखाना सुरू झाला. जीव मुठीत धरून पाइपापाशी गेले. कोरडा. नवीन इंजिनिअर मुलगी आहे, अश्लेषा. म्हणाली, "मॅडम, माने सरांनी सगळं लिहून दिलंय. शेवटी लिहिलंय, शंका आली तर घाटावर बाईंना विचारा, त्यांचं बोट तापमापकापेक्षा बरं."

असं लिहिलंय. कारखान्याच्या कागदावर.

१९ नोव्हेंबर

पहाटे गारठा. घाटावर एकटी होते. डोह निवळला आहे. तळाचा पहिला खडक दिसत होता, मग दुसरा.

दुसऱ्या खडकाआडून काहीतरी तांबूस वळलं.

हातभर नव्हतं, वीतभर असेल. एकदा वळलं, उन्हात खवले चमकले, आणि खाली गेलं. मी तोंडावर हात ठेवला. वडिलांचं ऐकलं. बोलले नाही, नुसतं बघितलं. या वेळी पुरेसा वेळ थांबले.

मग मात्र कुणाला तरी सांगावंसं वाटलं. नाथाजीला सांगता आलं असतं, अश्लेषाला, अख्ख्या गावाला कर्णा लावून सांगता आलं असतं. घरी येऊन बसून राहिले. कुणालाच सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर

उद्या म्हसवडला रथ आहे. कराडहून यात्रेच्या जादा गाड्या सुटतात, चौकशी केली. देवावरचं माझं मत बदललेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते. समितीच्या वतीने डोहाच्या पाण्याची तपासणी जाणकार माणसाकडून करून घेणं आवश्यक आहे, आणि जाणकार माणूस सध्या म्हसवडला राहतो.

थर्मास गरम धरतो तसा गारही धरतो. उजाडताच घाटावर जाऊन तो भरून आणला. बनुबाई हौदापाशी होती.

"काय घिऊन चालला, बाई?"

"पाणी."

"म्हसवडला? नदीचं पानी?" तिने धुणं खाली ठेवलं. "आवं, तुमी तर द्येवाला जात न्हाई."

"देवाला नाही चालले," मी म्हणाले. पुढचं वाक्य सापडलं नाही. बनुबाईनेही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, "बूच घट लावा. लय धक्कं बसत्यात त्या रस्त्याला."

बूच घट्ट लावलं आहे. तापमापक घरी होता, पाणी मी मोजलेलं नाही. आकडा त्यांनी बोट बुडवून सांगायचा आहे.